नळीच्या कौलापासून पत्र्याच्या कौलापर्यंत

पक्षाघाती मनुष्याला चौघांनी प्रभू येशूपुढे आणले, तो प्रसंग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दारात गर्दी होती, म्हणून ते छपरावर चढले आणि तेथून त्यांनी आजाऱ्याची बाज खाली सोडली. संत मार्क सांगतो की त्यांनी छप्पर उकरले. संत लूक सांगतो की त्यांनी कौलांमधून वाट काढली. पॅलेस्टाईनमधील साध्या घरांची छपरे वाशांवर फांद्या पसरून व माती थापून केलेली असत. ती उकरावीच लागत. लूक मात्र ग्रीक जगातील वाचकांसाठी लिहीत होता आणि त्या वाचकांच्या डोळ्यांपुढे घर म्हटले की कौलारू घर उभे राहत असे. शुभवर्तमान तेच, छप्पर निराळे. देशकालाप्रमाणे घराचे छप्पर बदलते, ही गोष्ट बायबलच्या वाचकाला नवी नाही.

तरीही आपल्या वाड्यांतून आज हा प्रश्न वादाचा झाला आहे. गिरगावात असो वा दादरला, जुन्या लाकडी घराचे वासे थकले की घरात दोन मते होतात. एक म्हणते, मंगळुरी कौले उतरवून त्यांच्याच आकाराची पत्र्याची हलकी कौले घालू. दुसरे म्हणते, आजोबांच्या घराला पत्रा लावणे म्हणजे घराची अब्रू घालवणे. तिसरे मत बहुधा बिल्डरचे असते आणि ते छपरापाशी थांबत नाही. अशा वेळी या शहराने आपल्या डोक्यावर काय काय घेतले व का घेतले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल, असे आम्हांस वाटते.

गिरगावच्या वाड्या मुळात खरोखरीच्या वाड्या होत्या. नारळीपोफळीच्या बागांत घरे उभी राहिली आणि बागेने दिलेल्या झावळ्यांनीच ती शाकारली गेली. झावळ्या फुकट मिळत, पण एका ठिणगीचे निमित्त त्यांना पुरे होई. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात लागलेल्या आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात केला. त्यानंतर कोटाबाहेरची वस्ती झपाट्याने वाढत गेली. खोताची वाडी त्याआधीच, अठराव्या शतकाच्या अखेरीस वसू लागली होती. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी भूखंड घेऊन घरे बांधली. बाहेर व्हरांडा, वर लाकडी सज्जा, बाजूने जिना आणि डोक्यावर कौले, असे ते घर.

ही जुनी कौले नळीची होत. कुंभार चाकावर मातीची नळी काढी, ती उभी चिरून तिचे दोन अर्ध करी आणि भट्टीत भाजी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती मांडीत. ना खिळा, ना खाच. केवळ आपल्या भाराने ती जागी राहत. मांजर धावले की कौल सरके, कावळ्याने चोच मारली की फुटे. म्हणून दर वर्षी मृगापूर्वी शाकारणी ठरलेली. या कौलांच्या थरांत पोकळ्या पुष्कळ. त्या पोकळ्यांत कोण राहत होते, हा प्रश्न मात्र शंभर वर्षे कुणी विचारला नाही.

नळीच्या कौलाला पर्याय दूरच्या मंगळूरहून आला. फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणारे सपाट कौल तयार केले होते. त्याच तत्त्वावर बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट या कारागीर मिशनऱ्याने १८६५ साली मंगळूर येथे, नेत्रावतीकाठच्या मातीपासून, कौलांचा कारखाना सुरू केला. मिशन प्रॉटेस्टंट होते आणि कारखान्याचा हेतू निव्वळ नफ्याचा नव्हता. ख्रिस्ती झाल्यामुळे ज्यांचे पिढीजात काम व आसरा सुटला होता, त्यांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा, ही त्यामागची निकड होती. पुढे इतरांनीही तेथे कारखाने काढले आणि समुद्रमार्गे ही कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. प्रॉटेस्टंट मिशनच्या कारखान्यात जन्मलेले कौल कॅथोलिक घराच्या माथ्यावर बसले. त्यावरून कुठे भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. आज ज्याला आपण परंपरेचे छप्पर म्हणतो, ते आपल्या पणजोबांच्या काळी कारखान्यातून आलेले नवे यंत्रोत्पादन होते, हे ध्यानात ठेवावे.

पत्रा त्याहूनही वयाने मोठा आहे. लंडनच्या गोद्यांचा अभियंता हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली नागमोडी लोखंडी पत्र्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा लवतो; त्यालाच वळ्या पाडल्या की तो ताठ राहतो आणि कमी आधारावर पुष्कळ अंतर तोलतो, ही त्याची साधी युक्ती. १८३७ साली स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पत्र्याला पावसात टिकण्याचे बळ आले. मुंबईत पत्रा आला तो गोद्या, गुदामे, रेल्वेच्या शेड आणि गिरण्या यांच्यासाठी. म्हणून परळ-लालबागच्या माणसाच्या मनात पत्रा म्हणजे काम, आणि कौल म्हणजे घर, अशी वाटणी झाली. पत्र्याविषयीचा आजचा संकोच तेथून आला असावा.

ही वाटणी हलवणारी घटना मात्र परळलाच घडली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. हे गोव्याचे कॅथोलिक डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांचा पुतळा धोबीतलावाला आजही उभा आहे. साथ वाढली तशी सरकारी पथके घरोघर शिरू लागली. अंधार आणि कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, अशी तेव्हाची समजूत. म्हणून छपरांची कौले काढून आत ऊन सोडण्यात आले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर तशी इंग्रजी अक्षरे रंगवण्यात आली. आपल्या अनेक गावठाणांतील क्रूस याच भयाच्या दिवसांत उभारले गेले आणि त्यांच्यापुढे लोक तेर्स म्हणू लागले.

कौले निघाली, ऊन आले, तरी माणसे मरतच राहिली. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिले की उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग वाहून नेते. त्याचे म्हणणे अनेकांनी हसण्यावारी नेले. पुढच्याच वर्षी डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. ही वास्तू इंग्रजांनी घेण्यापूर्वी येशूसंघीयांच्या ताब्यात होती. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने ही प्रयोगशाळा केंद्र करून मुंबईत जे प्रयोग केले, त्यांतील एक आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे.

आयोगाने सहा खोपट्या बांधल्या. सर्व बाबतींत सारख्या. फरक केवळ छपराचा. दोहोंवर देशी कौले, दोहोंवर सपाट कौले आणि दोहोंवर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा. प्रत्येक छपराखाली तारेची जाळी अशी ताणली की उंदीर किंवा त्याची लेंडी खाली पडू नये, पिसू मात्र पडू शकेल. मग उंदरांना छपरांत वस्ती करण्यास वेळ दिला. दोन्ही प्रकारच्या कौलांत उंदीर राहू लागले. पत्र्याखाली त्यांना घर करता आले नाही. त्यानंतर सहाही खोपट्यांच्या जमिनीवर प्लेग झालेले आणि निरोगी गिनिपिग एकत्र सोडले. कौलांच्या चारही खोपट्यांत निरोगी प्राण्यांना प्लेग झाला. पत्र्याच्या दोन खोपट्यांत निरोगी प्राणी रोग्यांना खेटून राहिले, तरी त्यांना काही झाले नाही. स्पर्शाने नव्हे, हवेने नव्हे, तर पिसवेने प्लेग पसरतो, हे या छपरांनी सिद्ध केले.

या प्रयोगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. लोखंडात रोग बरा करण्याचा गुण नव्हता आणि मातीत पापही नव्हते. पत्र्याखाली पोकळी उरली नव्हती, एवढेच. छप्पर कशाचे आहे यापेक्षा त्याच्या पोटात काय राहते, हा खरा प्रश्न होता. दरम्यान १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांची नवी वसाहत आखली आणि पुढे काँक्रीटच्या गच्चीने कौलाची जागा घेतली. आपल्या समाजानेही हा बदल नाकारला नाही. १५९६ साली स्थापन झालेल्या दादरच्या पोर्तुगीज चर्चची आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी योजली आणि ती १९७७ साली पूर्ण झाली. तिच्यावर काँक्रीटची कवचे आहेत. धर्मग्राम तोच राहिला.

आता पत्र्याच्या कौलाकडे येऊ. कौलाच्या आकारात दाबलेली आणि वरून खडीचा थर दिलेली पोलादी कौले १९५० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बाजारात आली. १९७२ साली अमेरिकेतील बेथलेहेम स्टीलने जस्त व अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा मुलामा आणला आणि खाऱ्या हवेत पत्र्याचे आयुष्य वाढले. या कौलांचा मोठा गुण म्हणजे वजन. मंगळुरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला साधारण ४० किलो भरते. पावसात कौल पाणी पिते तेव्हा अधिक. पत्र्याचे कौल तेवढ्याच जागेत ५ ते ७ किलो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर हा फरक तीन टनांहून अधिक होतो. शंभर वर्षांच्या भिंती आणि तुळया यांच्या डोक्यावरून तीन टन उतरवणे ही लहान गोष्ट नाही. ज्या घराला आणखी एक पिढी उभे राहायचे आहे, त्याला हा दिलासा मिळण्यास हरकत नसावी.

परंतु वजन गेले की वजनाने होणारे कामही जाते. कौल आपल्या भाराने बसे. पत्रा बांधावा लागतो. ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरवर सुमारे ५५ किलो वजनाइतका असतो आणि छपराच्या कडांना व कोपऱ्यांना तो वर ओढणारा असतो. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळात पत्रे पानांसारखे उडाले, ते याच कारणाने. म्हणून पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला आणि तुळई भिंतीला पक्की जखडलेली हवी. या साखळीतील एक कडी सैल असेल तर बाकीच्यांचा उपयोग नाही.

कामाच्या वेळी आणखी काही पथ्ये पाळावीत. जुन्या रिपांवर नवे कौल बसवू नये. पत्र्याच्या मापाप्रमाणे रिपा नव्याने आखाव्यात आणि कुजलेला वासा बदलूनच पुढे जावे. पत्रा ग्राइंडरने कापू नये, कारण ठिणग्यांनी मुलामा जळतो आणि तेथूनच गंज धरतो. कात्रीने कापावा व कीस त्याच दिवशी झाडून टाकावा. स्क्रूखाली रबरी वायसर असावा. बाजूच्या जोडांची उघडी कड नैऋत्येच्या वाऱ्याकडे येऊ देऊ नये. पावसाचा आवाज आणि उन्हाचा ताप यांसाठी खाली तक्तपोशी ठेवावी व मध्ये हवा खेळू द्यावी. मात्र वळचणीची व आढ्याची तोंडे बारीक जाळीने बंद करावीत. नाहीतर परळला सिद्ध झालेला धडा विसरून आपण उंदरांना पुन्हा पोकळी देऊ. घरावर कुठे जुने अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून जाणकाराकडून ओले करून अखंड उतरवावेत. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावली लागू आहे. यादीतील घर असेल तर महापालिकेची परवानगी आधी घ्यावी. उतरवलेली धड कौले शेजारच्या घराच्या दुरुस्तीला द्यावीत.

ज्यांच्या घराचे वासे धड आहेत त्यांनी मंगळुरी कौले खुशाल ठेवावीत. ती अजून पुष्कळ वर्षे साथ देतील. ज्यांचे वासे थकले आहेत त्यांनी केवळ लाजेपोटी भार वाढवू नये. झावळ्यांनंतर नळी आली, नळीनंतर मंगळुरी आले. प्रत्येक वेळी कुणीतरी जुन्यासाठी हळहळले असेल. वाडी टिकली ती कौलामुळे नव्हे, तर कौलाखाली माणसे राहिली म्हणून. छप्पर गळते ठेवून घर विकणाऱ्यापेक्षा छप्पर बदलून घरात राहणारा परंपरेचा अधिक खरा वारस होय.

अनुवादाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला एक आज्ञा आहे. त्याने धाब्याला कठडा करावा. कुणी वरून पडले तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. घराच्या शोभेविषयी तेथे एक शब्दही नाही. छपराखालच्या आणि छपराजवळून जाणाऱ्या माणसाचा जीव, एवढेच देवाने मालकाच्या पदरी बांधले आहे. वादळात सुटलेला पत्रा शेजाऱ्याच्या अंगणात पडतो आणि कुजलेली तुळई खाली झोपलेल्या नातवंडावर कोसळते. म्हणून कौल मातीचे घ्या वा पोलादाचे. निर्णय करताना आधी शिडी लावून वासे पाहा, आणि मग घरच्यांना बोलवा.