प्रवासी फणस

इतिहास म्हटला की राजवाडे, लढाया व दफ्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ओसरीवरच्या कुंडीलाही इतिहास असतो. हुबळी-धारवाडकडे पुष्कळ घरी हौसेने लावलेले अननसाचे काटेरी रोप घ्या. त्याच्या मुनव्यामागे चार-पाचशे वर्षांचा प्रवास उभा आहे.

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १४९३ साली, कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, ग्वाडेलूप बेटावर युरोपीय खलाशांना तो प्रथम दिसला. ब्राझीलमधील तुपी लोक त्याला ‘नाना’ म्हणत. पोर्तुगीजांनी त्याचे ‘अनानास’ केले, आणि तोच शब्द किंचित रूप पालटून आज मराठीत व कानडीतही नांदत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हे फळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. १५८३ पासून काही वर्षे गोव्यात राहिलेल्या लिन्स्खोतेन या डच गृहस्थाने त्याची तोंडभर स्तुती केली असून, ते ब्राझीलहून आल्याचेही नमूद केले आहे.

आता प्रश्न असा की, गलबतातल्या प्रदीर्घ प्रवासात हे झाड जगले कसे? बी आणावे, तर लागवडीच्या अननसात बी बहुधा धरतच नाही. उत्तर झाडाच्या घडणीतच आहे. फळाच्या माथ्यावरचा तुरा, देठावरचे धुमारे, बुंध्याशी येणारा मुनवा, यांपैकी काहीही तोडून ठेवले तरी ते मातीवाचून कित्येक आठवडे तग धरते. याची पाने दिवसा आपली सूक्ष्म रंध्रे मिटून घेतात व रात्री उघडतात, त्यामुळे आतला ओलावा टिकून राहतो.

हा गुण मोगल दरबारानेही हेरला होता. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त या फळाचे एक नाव ‘कटहल-इ-सफरी’, म्हणजे प्रवासी फणस, असे दिले आहे; कारण लहान रोप भांड्यात लावून प्रवासात नेता येई आणि त्याला फळही धरे. माथ्यावरची पाने लावून नवी रोपे करतात व एका रोपाला एकदाच फळ येते, हेही तेथे सांगितले आहे. पुढे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात लिहिले की, आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरसाल हजारो अननस होतात.

आपल्या घरी हेच करावयाचे तर रीत सोपी आहे. वीतभर मुनवा बुंध्यापासून अलगद काढावा, खालची दोन-चार पाने सोलावी आणि तीन-चार दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी. धारवाडची तांबडी माती, वाळू व पालापाचोळ्याचे खत यांच्या मिश्रणात तो उथळ लावावा. पानांच्या गाभ्यात माती जाऊ देऊ नये. हुबळीकडची काळी माती पाणी धरून ठेवते व मुळे कुजवते, म्हणून ती येथे वर्ज्य समजावी. मुनव्याला फळ लवकर येते. तुऱ्याला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

बियाने वंश चालतो तेथे प्रत्येक रोप नवे असते. मुनव्याने चालतो तेथे जुनेच झाड पुढे जगते. म्हणून फळ देऊन वाळू लागलेले झाड मुनव्यासकट उपटून फेकणे म्हणजे ती परंपरा आपल्या अंगणापुरती तोडणे होय. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. मुनव्याबरोबर झाडाचा रोगही परघरी जातो. पानांच्या बेचक्यात पांढरा पिठ्या ढेकूण दिसला, तर तो मुनवा कोणासही देऊ नये. झाड मरगळून टाकणारा रोग त्याच्या पावलांनी पसरतो.

समुद्रापलीकडून आलेले हे झाड बादशहांच्या बागांत वाढले, तसेच ते साध्यासुध्या घरांतून शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या मुनव्यांवरही टिकले. निरोगी मुनवा निवडून दुसऱ्याच्या हाती देणे, एवढे काम आपल्याकडे आले आहे.