अळवाचे पान आणि पॉलिश पेपर : जलविरोधी धातूपृष्ठांच्या झीज-चाचणीचा इतिहास

अळवाच्या पानावरून पाणी कसे घरंगळते, हे तुम्ही पाहिले असेलच. धातूच्या पत्र्यालाही तो गुण देता येतो. तो किती दिवस टिकेल, हा प्रश्न मात्र बराच उशिरा विचारला गेला.

थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये स्पर्शकोनाची कल्पना मांडली. वेन्झेल यांनी १९३६ मध्ये पृष्ठभागाचा खडबडीतपणा हिशेबात घेतला, तर कॅसी व बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये थेंबाखाली अडकलेली हवा. तेव्हा डोळ्यांपुढे होते ते मुख्यतः कापड. १९९७ मध्ये बार्थलॉट व नाइनहुइस यांनी कमळाच्या पानाचे गुपित उलगडले आणि १५० अंशांहून मोठ्या स्पर्शकोनाच्या पृष्ठभागांचे जणू पेवच फुटले.

अडचण इथेच आहे. ज्या सूक्ष्म उंचवट्यांवर थेंब तरंगतो, त्यांवरच घर्षणाचा सगळा भार येतो. ते मोडले, वरचा पातळ लेप खरवडला गेला, की खालचा धातू उघडा पडतो आणि पाणी धरू लागतो. पान आपले मेण पुन्हा तयार करते. पत्र्याला ते जमत नाही.

२०१५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लंडनच्या एका गटाने सोपी चाचणी वापरली : लेप दिलेला नमुना पॉलिश पेपरवर पालथा ठेवायचा, वर १०० ग्रॅम वजन, आणि १० सेंटिमीटर ओढायचा. अशा चाचण्या पुष्कळांनी केल्या, पण प्रत्येकाचा कागद वेगळा, नमुना वेगळा. तुम्हीच हिशेब करा : तेच १०० ग्रॅम २ × २ सेंटिमीटरच्या तुकड्यावर सुमारे २.५ किलोपास्कल दाब देतात, ५ × ५ च्या तुकड्यावर जेमतेम ०.४. मग ‘इतक्या फेऱ्या टिकला’ या दाव्यांची तुलना कशी करणार?

दुसरी फसगत मापनाची. झिजलेल्या पृष्ठभागावर स्पर्शकोन मोठाच राहू शकतो, पण पत्रा तिरका केला तरी थेंब चिकटून बसतो. म्हणून माझ्या मते घरंगळण्याचा कोन न देणारा निष्कर्ष अपुराच समजावा. तियान, वेर्हो व रास यांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्येच चाचण्यांत एकवाक्यता आणण्याचा आग्रह धरला.

२०२० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामात धातू, काच व सिलिकॉनवर सूक्ष्म खळग्यांची जाळी कोरली होती. जाळीच्या कडा घर्षण सोसतात, नाजूक जलविरोधी थर खळग्यांत सुरक्षित राहतो.