तासाचा हिशेब आणि एकट्याचा खेळ

कामोठ्यात कॉम्प्युटर गेम घराआधी गाळ्यात आले. १९८४ च्या जासई-दास्तान फाट्याच्या शेतकरी आंदोलनातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. ज्यांची भातशेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतली होती, त्यांना विकसित भूखंड मिळू लागले. त्या भूखंडांवर चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या आणि जवळपास प्रत्येक इमारतीच्या तळाशी गाळ्यांची रांग आली. वर वन आरके नाहीतर वन बीएचके, त्यात आई-वडील, दोन मुलं, कधी गावाहून आलेली आजी. अशा घरात कॉम्प्युटर ठेवायला पैसे लागतात, तशी जागाही लागते. म्हणून किराणा, मेडिकल, इस्टेट एजंट यांच्या ओळीत एकेक सायबर कॅफे येऊन बसला. त्यातला एक माझा. २००४ साली सहा मशीन टाकून सुरू केला होता. तासाला वीस रुपये.

लोक विचारतात, मुलांना एकट्याने खेळायचे गेम आवडतात की सगळ्यांनी मिळून खेळायचे? काउंटरमागे बसून मी हे इतकी वर्षं पाहिलं आहे की माझं उत्तर आवडीपासून सुरूच होत नाही. पैसे कशाचे मोजले जातात, यापासून ते सुरू होतं.

माझं लहानपण पनवेलचं. तिथल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये पैसे मोजले जायचे ते नाण्यावर. कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. हे नाव आमच्यापैकी कुणी कधी उच्चारलं नाही. त्यातला पिवळ्या टोपीचा चपळ गडी मुस्तफा, म्हणून गेमही 'मुस्तफा'. मूळ रचना तिघांनी एकदम खेळायची. एकट्याने नाणं टाकलं तर दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजला चहूबाजूंनी गुंड यायचे आणि रुपया संपायचा. दोघांनी टाकलं तर पुढचा बॉस तरी दिसायचा. त्यामुळे अनोळखी पोरगाही शेजारी उभा राहून नाणं दाखवायचा, आणि मान हलली की भिडू झाला. हे बघायला फार सुंदर होतं. पण यंत्राच्या मालकालाही तेच हवं होतं. एका पडद्यावर दोन नाणी.

घरातल्या टीव्ही गेमचं गणित वेगळं. कॅसेट एकदा विकत घेतली की पुढे पैसे नाहीत, मोजायचा तो टीव्हीचा वेळ. बातम्या लागायच्या आत काय खेळायचं ते. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दोघे खेळत, पण पाळीपाळीने. एक पडला की दुसऱ्याच्या हातात डाव. 'कॉन्ट्रा'त मात्र दोघे एकदम. त्याची तिसरी स्टेज धबधब्याची. तिथे एकजण भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि मागे राहिलेला खाली नाहीसा होऊन मरायचा. शिवाय आपल्या लाइफ संपल्या तर भिडूच्या शिल्लक लाइफमधून एक घेता यायची. त्या धबधब्याने आणि त्या उसन्या लाइफने आमच्या चाळीत जेवढी भांडणं लावली तेवढी क्रिकेटनेही लावली नसतील. आपला वेग आवरून दुसऱ्यासाठी थांबायला लागतं, हे मी शाळेत शिकलो नाही, त्या धबधब्यावर शिकलो.

या यंत्रांच्याही मागच्या काळात जाऊन पाहिलं तर बसून खेळायच्या आपल्या जुन्या नावाजलेल्या खेळांत भिडूशिवाय चालणारं फारसं काही सापडत नाही. सारीपाटाला समोर माणूस हवा. ज्ञानेश्वरांच्या नावाने परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या मोक्षपटालाही हवा. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची गोल पानं १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, आणि ती सहसा तिघांत वाटली जातात. आपल्या चालीला लगेच उलटी चाल करणारा कुणीतरी समोर आहे आणि तरीही खोलीत आपण एकटे आहोत, ही स्थिती यंत्रामुळे सामान्य माणसाच्या वाट्याला आली. मला ती मोठी घटना वाटते. ज्याला मित्र नाहीत, ज्याला बोलताना अडखळायला होतं, ज्याला मैदानात कायम लिंबूटिंबू म्हणून घेतलं जातं, त्यालाही पुरा डाव मिळू लागला.

माझ्या कॅफेत असे एकटे बसणारे पुष्कळ होते. त्यांचा देव 'आयजीआय'. 'प्रोजेक्ट आयजीआय' हा २००० सालचा गेम. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने बनवलेला, चौदा मिशनचा. त्यात दुसऱ्याबरोबर खेळायची सोयच नव्हती. मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयही नव्हती. अर्धा तास सरपटत, कॅमेरे चुकवत, तारांच्या कुंपणाला वळसा घालून गेलात आणि शेवटच्या खोलीतल्या पहारेकऱ्याने टिपलं, की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन होतं. वीज गेली की यूपीएस शिट्टी मारायला लागायचा आणि मिशन संपवायला उरायची चार-पाच मिनिटं. त्या मिनिटांत मी मुलांना जे करताना पाहिलं ते विसरणं शक्य नाही. हात थरथरतायत, ओठ दाबलेले, आणि गडी घाई न करता खिडकीखाली थांबून पहारेकऱ्याची फेरी मोजतोय.

'व्हाइस सिटी' दुसरा. तोही एकट्याचाच. पण एका मशीनवर त्याच्या सेव्हच्या जागा आठ, आणि तो खेळणारी पोरं त्याहून कितीतरी जास्त. कुणीतरी घाईत दुसऱ्याच्या जागेवर आपला खेळ सेव्ह करायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर माझ्या दुकानात रडारड. शेवटी मीच प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर केला. आल्यावर त्याच्या फाइली आत टाकायच्या, जाताना काढून ठेवायच्या. बँकेचं पासबुक सांभाळावं तसं ते मी सांभाळलं. एका मुलाची बदली झालेल्या वडिलांबरोबर नागपूरला रवानगी झाली, तेव्हा निरोपाला येऊन त्याने हळूच विचारलं, "काका, माझी सेव्ह पेनड्राइव्हवर देता का?"

आणि हे एकट्याचे गेम एकट्याने खेळलेच जात नव्हते. वीस रुपये एकाच्या खिशात, पण खुर्चीमागे तिघे उभे. एकजण चीट कोडची वही धरून, एकजण नकाशा सांगायला, आणि एक लहान भाऊ नुसता बघायला. मिशन पार झालं की चौघे ओरडायचे. वर राहणाऱ्या एका काकू खाली येऊन म्हणायच्या, "अहो भाऊ, जरा आवाज कमी सांगा पोरांना." एका मुलाला तर मी माउस धरताना क्वचितच पाहिलं, तरी 'व्हाइस सिटी'ची गोष्ट त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होती.

खरी गर्दी 'काउंटर-स्ट्राइक'ची. १९९९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी 'हाफ-लाइफ' या मुख्यतः एकट्याने खेळायच्या गेममध्ये बदल करून तो तयार केला होता, आणि २००३ ची १.६ आवृत्ती इथल्या कॅफेंमध्ये वर्षानुवर्षं चालली. सहाही मशीन लॅनने जोडलेली, तीन विरुद्ध तीन, नकाशा बहुतेक वेळा 'डस्ट टू'. सेक्टर विरुद्ध सेक्टर मॅच लागायच्या, कळंबोली आणि खांदा कॉलनीची पोरं यायची. गावठाणातली आगरी मुलं आणि इमारतींमधली सातारा-सांगली-कोकणातून आलेल्या घरांतली मुलं एका संघात बसलेली मी पहिल्यांदा पाहिली ती इथे. नवीन वसाहतीत लोक एकमेकांना ओळखायला फार वर्षं लावतात. पोरांनी ते काम लवकर केलं.

धंद्याच्या दृष्टीनेही 'सीएस'च हवा होता. आयजीआयवाला आला की एक खुर्ची भरायची. सीएसवाले आले की सहाच्या सहा भरायच्या, दोन तास, वर थंड पेयं वेगळी. शिवाय एकट्याचा गेम संपतो. चौदावं मिशन झालं की तो मुलगा आठवडाभर दिसायचा नाही. सीएस कधी संपत नाही, हरलेला बदला घ्यायला येतो आणि जिंकलेला मिरवायला. प्रत्येक कॅफेवाल्याला हे कळत होतं आणि म्हणून प्रत्येकाने लॅनची वायर आधी ओढली. मुलांना एकत्र खेळायला आवडतं असं जे म्हटलं जातं, त्यात तासाच्या हिशेबाचा मोठा हात आहे.

११ एप्रिल २०११ ला केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाचं ओळखपत्र, नोंदवही किमान वर्षभर जपायची, पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, पार्टिशनबाहेरच्या कॉम्प्युटरचे पडदे दर्शनी बाजूला. हेतू चांगला होता आणि उघड्यावर बसलेलं बरं, हे मलाही पटत होतं. पण शाळकरी मुलाला ओळखपत्राची झेरॉक्स मागितली की तो परत यायचा नाही. नंतर ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि इंटरनेट खिशातल्या फोनवर आलं. पुढच्या दोन वर्षांत माझी मशीन एकेक करून बंद पडली आणि मी ती दुरुस्त केली नाहीत. आता गाळ्यात झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पॅन-आधारची कामं चालतात.

मार्च २०१८ मध्ये 'पबजी मोबाइल' आला. एका बेटावर शंभर जण उतरतात, शेवटी एक संघ उरतो. मानसरोवर स्टेशनकडून येताना इमारतींच्या पायऱ्यांवर चार मुलं ओळीने बसलेली दिसू लागली. चौघांच्या हातात फोन, चौघांच्या कानात इअरफोन, चौघे एकाच संघात. शेजारच्याशी बोलायचं तेही माइकमधून. शंभर जणांच्या त्या खेळात खांद्यावरून वाकून बघायला जागा नव्हती. पडदा तळहाताएवढा झाला आणि लहान भावाची उभी राहायची जागा गेली.

हा खेळ फुकट होता, म्हणजे पैसे वेगळ्या ठिकाणी मोजले जात होते. गर्दी जमली की त्यातले काहीजण नवे कपडे, बंदुकांचे रंग विकत घेतात. त्यासाठी गर्दी टिकली पाहिजे, म्हणून खेळ संपता कामा नये. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने त्यावर बंदी घातली आणि ऑक्टोबरच्या शेवटी सर्व्हर बंद झाले. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ 'बीजीएमआय' नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटला, मे २०२३ मध्ये पुन्हा उगवला. या ये-जामध्ये खेळणाऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या कपाटातली 'आयजीआय'ची सीडी मात्र एखाद्या जुन्या मशीनवर आजही चालते. कुणाच्या परवानगीची तिला गरज नाही. एकट्याच्या खेळाबद्दल मला जी माया आहे, तिचं हे एक मोठं कारण आहे.

एकट्याचा खेळ की मिळून खेळायचा, या बाबतीत २०२० साल विशेष ठरलं. 'लुडो किंग' आपल्या नवी मुंबईतलाच. विकास जयस्वाल यांच्या गेमशन टेक्नॉलॉजीजने तो २०१६ मध्ये आणला होता. लुडोचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९६ चं, पण घडण आपल्या पचिसीची. टाळेबंदीत कामोठ्यातल्या बंद घरांतून गावाकडच्या चुलत भावंडांशी डाव लागले. आमच्या घरी चिपळूणची आत्या रोज रात्री नऊला हजर असायची आणि गोटी मारली की खणखणीत हसायची. त्या महिन्यांत या खेळाने माणसं धरून ठेवली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

त्याच वर्षी १८ ऑगस्टला पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' निन्टेंडो स्विचवर प्रसिद्ध झाला. पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. पूर्णपणे एकट्याने खेळायचा, पाच-सहा तासांत संपणारा. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर त्यासाठी मागितलेली रक्कम जमली नव्हती, तरी त्या मंडळींनी काम सोडलं नाही, आणि गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याचं नामांकन झालं. लुडो किंग कोट्यवधी फोनमध्ये गेला. राजीचं नाव माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक मुलांना माहीत नाही. एक फुकट आहे आणि जाहिरातींवर चालतो, दुसऱ्याला आधी पूर्ण किंमत मोजावी लागते, हा फरक मुलांच्या आवडीइतकाच जोरकस आहे.

हल्ली नवी मुंबईत प्लेस्टेशनची पार्लरं निघतायत. सोफा, मोठा पडदा, दोन कंट्रोलर, फुटबॉलचा गेम, तासावर पैसे. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने असंच एक टाकायचं ठरवलं आणि सल्ला मागायला आला. मी म्हटलं, फुटबॉल ठेवच, त्यावर भाडं निघेल. पण एक पडदा गोष्टीच्या गेमला दे. त्याचे तासावर घेऊ नकोस, गेम संपेपर्यंतचे एकदाच घे. सेव्ह नावानिशी सांभाळ. आणि खुर्चीमागे तिघांना उभं राहता येईल एवढी जागा सोड.

तो कागदावर मापं लिहून घेत होता. पहिल्यांदा कुठला गेम लावू, म्हणाला. मी 'राजी' सांगितलं.