लोहमार्गाची सायकलवाट

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात एलरॉय ते स्पार्टा हा १८७३ मध्ये सुरू झालेला लोहमार्ग १९६४ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची जमीन राज्य सरकारने विकत घेतली आणि सुमारे ५१ किलोमीटरची ही वाट त्याच दशकात सायकलस्वारांसाठी खुली केली. जुन्या लोहमार्गांवर घडवलेल्या अशा वाटांना ‘रेल ट्रेल’ म्हणतात. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसल्यामुळे अभियंत्यांनी मूळ मार्गच सौम्य चढाचा आखला होता आणि डोंगर आडवे आले तेथे तीन बोगदे खोदले होते. त्यांपैकी सर्वांत लांब बोगदा एक किलोमीटरहून मोठा असून त्यातून आजही सायकलवरून उतरून, विजेरीच्या उजेडात चालत जावे लागते.

सायकलची निवड या इतिहासानेच ठरते. वाट समतल असल्यामुळे डोंगरी सायकलीचे जड शॉक ॲब्सॉर्बर येथे अनावश्यक ठरतात. मात्र रुळांच्या जागी चुनखडीचा दाबलेला चुरा असल्यामुळे पावसानंतर शर्यतीच्या सायकलीचे अरुंद टायर त्यात रुततात. म्हणून सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचे, कमी हवेवर चालणारे टायर सामावणारी ‘ग्रॅव्हल’ सायकल, म्हणजे कच्च्या, खडीच्या रस्त्यांसाठी घडवलेली सायकल, या वाटेला सर्वांत योग्य आहे.