कोल्हापूरच्या सायकल क्लबला पॅरिसची साथ का लागते?

कोल्हापूर-बेळगाव-कोल्हापूर म्हणजे २०० किमीहून जास्त. सायकलवर ते कुणी पार केलं, तरी नोंद कोण घेणार? इथे येते ‘बीआरएम’. नियम पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, भारतातलं काम ‘ऑडॅक्स इंडिया रँदोनर्स’कडे आणि राइड भरवतात गावोगावचे क्लब. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० ला ४०. एका हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किमी पूर्ण केले की ‘सुपर रँदोनर’.

मान्यता वरून मिळते, पण क्लब वाढतो रस्त्यावर. मदतीची गाडी फक्त कंट्रोल पॉइंटवर चालते. मधे पंक्चर झालं तर स्वतःच काढायचं. म्हणून रात्री दोनला चहा देणारा, पावतीवर वेळ टाकणारा ढाबेवाला बॅनरवरच्या प्रायोजकापेक्षा मोलाचा!

कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघामागे अख्खी पेठ उभी असते. सायकल क्लबला अशी आयती पेठ नसते, माणसं जोडावी लागतात. सायकल दुकानदार, डॉक्टर, पोलीस आणि मुख्य म्हणजे शेजारच्या शहरांतले क्लब. वेगवेगळ्या क्लबच्या राइड्स एकाच मालिकेत धरल्या जातात. त्यामुळे सांगली-बेळगावशी तारखा जुळवल्या, तर चारही अंतरं घराजवळच होतात. नाहीतर एकेका राइडसाठी सायकल गाडीत घालून पुणे गाठायचं.