सायप्रसची मडकी आणि पुतळे: कपाटात काय आलं, जमिनीत काय राहिलं

आजचा विषय आहे सायप्रस बेटावरची प्राचीन मडकी आणि शिल्पं. बेट तसं लहान, पण न्यूयॉर्क, लंडन, स्टॉकहोम, बर्लिन, पॅरिस अशा कुठल्याही मोठ्या संग्रहालयात जा, सायप्रसचं एखादं कपाट असतंच. या वस्तू आपल्याला काय सांगतात? आणि त्या कपाटापर्यंत पोचताना त्यांचं काय हरवलं? हे दोन प्रश्न आपण एकत्रच घेऊ, कारण एकाचं उत्तर दुसऱ्यात अडकलेलं आहे.

आधी मडकी बघू. इसवी सनापूर्वी सुमारे 2400 पासून इथे एक लाल, चकचकीत भांडं दिसू लागतं. अभ्यासक त्याला ‘लाल घोटीव’ भांडी म्हणतात. ही चाकावर केलेली नाहीत, हातानं घडवलेली आहेत. मडकं जरा सुकलं की त्याचा पृष्ठभाग घोटायचा आणि मग भाजायचं. भाजताना हवा कुठे पोचली, कुठे नाही, त्यावर रंग ठरतो. म्हणून एकाच भांड्यावर लाल आणि काळा दोन्ही दिसतात. उत्तर किनाऱ्याजवळच्या वुनूस इथल्या कबरींत अशी भांडी मोठ्या संख्येनं मिळाली. तिथलाच एक वाडगा आज निकोसियाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या आत भिंतीनं वेढलेलं एक आवारच घडवलंय. माणसं आहेत, गोठ्यात बैल आहेत, आणि एक जण बाहेरून भिंतीवर चढून आत डोकावतोय. ही पूजा आहे की गावाची बैठक, यावर अजून वाद आहे. पण डोकावणाऱ्या त्या माणसाला ओळखायला आपल्याला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही!

पुढे, इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या-पंधराव्या शतकाच्या आसपास दोन प्रकार लोकप्रिय झाले. एक म्हणजे पांढरा लेप दिलेले अर्धगोल वाडगे. त्यांच्यावर तपकिरी रंगात शिडीसारख्या रेघा असतात. दुसरा प्रकार म्हणजे पातळ कडांच्या, उंच मानेच्या छोट्या सुरया. अशी सुरई उलटी धरली तर थेट अफूच्या बोंडासारखी दिसते. 1962 साली रॉबर्ट मेरिलीज या संशोधकानं मांडलं की हा आकार मुद्दाम दिलेला आहे, त्यात अफू नेली जात असावी. कित्येक वर्षं हा नुसता तर्क होता. मग 2018 मध्ये ब्रिटिश म्युझियममधल्या एका बंद तोंडाच्या सुरईतल्या अवशेषांची तपासणी झाली. त्यात वनस्पती तेल निघालं, आणि त्याबरोबर अफूचे अंश. अर्थात एका सुरईवरून सगळ्याच सुरयांत अफू होती असं म्हणता येत नाही. पण बघा, तोंड बंद राहिलं म्हणूनच पुरावा राहिला. कोणी आधीच ती उघडून घासूनपुसून लख्ख केली असती, तर आज आपल्या हातात फक्त एक सुंदर आकार उरला असता.

ही भांडी नुसती घरात वापरायला नव्हती, ती निर्यातही होत होती. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरून इथे बुडालेलं एक जहाज सापडलं. ते इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या अखेरचं आहे. त्यात सुमारे 10 टन तांबं होतं, आणि एका मोठ्या रांजणात सायप्रसची नवी भांडी नीट रचून भरलेली होती. तांबं आणि भांडी एकाच जहाजात! सायप्रसची श्रीमंती तांब्यावर उभी होती. लॅटिनमधला तांब्याचा ‘कुप्रम’ हा शब्दसुद्धा याच बेटाच्या नावावरून आला. संग्रहालयात एकटा ठेवलेला वाडगा ‘सुंदर’ वाटतो. तोच वाडगा रांजणात, रांजण जहाजात, जहाज तांब्यानं भरलेलं, असं पाहिलं की तो व्यापाराचा दस्तऐवज होतो.

आता पुतळ्यांकडे वळू. सायप्रसमध्ये चांगला संगमरवर नाही. आहे तो मऊ चुनखडीचा दगड, जो सुरीनंही कापता येतो. त्यामुळे पुतळ्यांची घडण वेगळी झाली. समोरून चेहरा, दाढी, वस्त्राच्या चुण्या बारकाईनं कोरलेल्या, पण पाठ बऱ्याचदा सपाट. का? कारण ते देवळाच्या आवारात ओळीनं उभे असत, पाठीमागून कोणी पाहतच नव्हतं. आणि हे पुतळे बहुतेक देवांचे नाहीत, भक्तांचे आहेत. आपल्याकडे नवस फेडताना काहीतरी वाहतात ना, तसं इथला भक्त स्वतःची प्रतिमाच देवापुढे उभी करून जाई. तो घरी परतला तरी त्याचा दगडी प्रतिनिधी हात जोडून तिथेच राही.

यांच्यात अ‍ॅसिरियन दाढी, इजिप्शियन वस्त्र आणि ग्रीक हसू एकत्र भेटतात. बेटावर कोणाकोणाची सत्ता आली ते त्यात दिसतं. लार्नाका इथे 1845 साली अ‍ॅसिरियाचा राजा सार्गोन दुसरा याचा कोरीव शिलास्तंभ सापडला. सायप्रसचे राजे आपल्याला खंडणी देतात, असं त्यानं त्यात लिहून ठेवलंय. हा शिलास्तंभ आज बर्लिनमध्ये आहे.

बर्लिनमध्ये का? इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. या गोष्टीतलं मुख्य नाव लुइगी पाल्मा दी चेस्नोला. जन्म इटलीतला, 1832 चा. अमेरिकेत गेला, तिथल्या यादवी युद्धात लढला, आणि 1865 साली अमेरिकेचा कॉन्सल म्हणून लार्नाकाला आला. तेव्हा बेट ऑटोमन सत्तेखाली होतं. पुढच्या दहा-एक वर्षांत त्यानं कबरी आणि देवस्थानं खणून सुमारे 35,000 वस्तू जमवल्या. त्यांतला मोठा भाग न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं 1872 ते 1876 या काळात विकत घेतला. 1879 मध्ये चेस्नोला त्याच संग्रहालयाचा पहिला संचालक झाला आणि 1904 साली मरेपर्यंत त्या पदावर राहिला.

1880 साली गास्तों फ्युआर्दां या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यानं जाहीर आरोप केला की काही पुतळे वेगवेगळ्या तुकड्यांची जोडाजोड करून बनवले आहेत. प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1884 मध्ये निकाल मुख्यतः चेस्नोलाच्या बाजूनं लागला. पण आमच्या मते खरा प्रश्न नाकं-डोळे चिकटवण्याचा नव्हताच. कुरियन या प्राचीन नगरात देवळाखालच्या तळघरांत सोन्याचांदीचा खजिना मिळाला, असं चेस्नोलानं आपल्या पुस्तकात लिहिलं. नंतर तिथे खणणाऱ्यांना ती तळघरं सापडली नाहीत. अभ्यासकांचा कल असा, की तो ‘खजिना’ अनेक कबरींतल्या वस्तू एकत्र करून झालेला असावा. म्हणजे वस्तू खऱ्या, पण त्यांचा पत्ता खोटा. आणि पत्ता एकदा गेला की कुठलीही प्रयोगशाळा तो पूर्णपणे परत देऊ शकत नाही.

याच्या उलट उदाहरण आहे आय्या इरिनीचं. 1929 साली या गावच्या पाद्र्यानं एका मातीच्या मूर्तीचा वरचा भाग निकोसियाच्या संग्रहालयात आणून दाखवला. आइनार येरस्टाड यांच्या नेतृत्वाखाली एक स्वीडिश मोहीम तेव्हा बेटावर काम करत होती. त्यांनी तिथे खणलं, आणि वेदीभोवती अर्धवर्तुळात उभ्या सुमारे 2,000 भाजलेल्या मातीच्या मूर्ती बाहेर आल्या. लहान मूर्ती पुढे, मोठ्या मागे. बहुतेक पुरुष. त्यांत योद्धे, रथ, बैल. प्रत्येकीची जागा नकाशावर नोंदली गेली. म्हणूनच आज आपण म्हणू शकतो की इथला देव बहुधा गुरांचा आणि रक्षणाचा होता. एखाद्या सुट्या मूर्तीवरून हे कधीच कळलं नसतं.

पण इथेही वाटणी झालीच. त्या काळच्या कायद्यानुसार मूर्ती निकोसिया आणि स्टॉकहोममध्ये विभागल्या गेल्या. एकमेकांशेजारी शतकानुशतकं उभे राहिलेले भक्त आज दोन देशांत आहेत. फरक एवढाच की नोंदी असल्यामुळे कागदावर तरी त्यांना परत शेजारी उभं करता येतं. चेस्नोलाच्या वस्तूंच्या नशिबी तेही नाही. त्याच्या संग्रहातल्या हजारो ‘जादा’ वस्तू तर मेट्रोपॉलिटननं पुढे विकून टाकल्या. काही कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डला गेल्या, काही 1928 च्या लिलावातून फ्लोरिडातल्या रिंगलिंग म्युझियममध्ये.

आणखी एक गोष्ट. कपाटातली अखंड भांडी बहुतेक कबरींतली असतात. गावात वापरलेलं मडकं फुटतं, कबरीत ठेवलेलं टिकतं. म्हणजे संग्रहालयात आपण सायप्रसच्या मृतांचं सामान पाहतो आणि त्यालाच जिवंतांचं घर समजतो. खापरांचे ढिगारे मात्र गोदामात पडून राहतात, कारण ते दिसायला चांगले नाहीत.

तेव्हा पुढे कधी अशा कपाटापुढे उभे राहाल, तर वस्तूच्या आधी तिची पाटी वाचा. ठिकाण लिहिलंय का? कबरीचा क्रमांक आहे का? की नुसतं ‘सायप्रस’? की ‘अमुक ठिकाणचं असल्याचं सांगितलं जातं’? हे ‘सांगितलं जातं’ कोणी सांगितलं, आणि ते विकत घेणाऱ्याला सांगितलं होतं का, हे विचारा. सौंदर्य कपाटात पोचतं, पण इतिहास बऱ्याचदा मागे खड्ड्यातच राहतो.

इथे थांबू. आता आपले प्रश्न घेऊ.