काळी एकचा खर्ज : देवगिरीपासून बर्मिंगहॅमपर्यंत एका सैल तारेचा इतिहास

१९७१ साली ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडचा ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील अनेक गीतांसाठी टोनी आयोमी याने आपली इलेक्ट्रिक गिटार नेहमीपेक्षा तीन अर्धस्वर खाली उतरवली होती. तिची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावत होती. महाराष्ट्रातील एखाद्या पुरुष गायकाने आपला तंबोरा काळी एकमध्ये लावला, तर त्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्याही नेमकी हीच भरते.

हा निव्वळ योगायोग आहे. परंतु हेवी मेटलच्या चाहत्यांत एक कथा नेहमी सांगितली जाते, की तार खाली उतरवून सूर ‘वजनदार’ करण्याची युक्ती बर्मिंगहॅममध्ये एका अपघातातून जन्मली. अपघात खरा आहे, त्याकडे पुढे येऊच. मात्र खालचा सूर आणि त्याच्याशी जोडलेली अडचण, म्हणजे सैल तार सुरात टिकत नाही ही अडचण, दख्खनला फार आधीपासून परिचित होती. तिचा माग काढायचा तर गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांत यावे लागते.

तेराव्या शतकात या प्रदेशावर देवगिरीच्या यादवांचे राज्य होते. प्रवरेच्या काठी नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती यादव रामचंद्रदेवाच्या काळात. त्याच्याही दोन पिढ्या आधी, सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे, आणि त्याचे काम राज्याचे हिशेब पाहण्याचे. या हिशेबनिसाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. (हीच देवगिरी पुढे दौलताबाद झाली आणि १४९९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत आली.)

शार्ङ्गदेवाने बावीस श्रुती कानाला पटवून देण्यासाठी एक प्रयोग सांगितला आहे. अगदी सारख्या दोन वीणा घ्याव्यात, प्रत्येकीला बावीस तारा असाव्यात. पहिली तार शक्य तितक्या खालच्या नादात लावावी, दुसरी तिच्याहून किंचित वर, तिसरी त्याहून किंचित वर, असे चढत जावे. मग एक वीणा तशीच ठेवावी, ती ध्रुववीणा. दुसरीच्या तारा टप्प्याटप्प्याने उतरवाव्यात, ती चलवीणा. उतरलेली तार ध्रुववीणेच्या कोणत्या तारेशी जुळते, यावरून श्रुतींचे माप कळते.

प्रयोगाचा सगळा भार ध्रुववीणेवर आहे, हे पाहण्यासारखे आहे. ती हलली तर माप उरतच नाही. आणि तिच्यात सर्वांत आधी हलण्याचा धोका आहे तो त्या पहिल्या, सर्वांत खालच्या तारेला.

असे का होते? तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि दर इंचामागे तिचे वजन. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन याने १६३६ साली हे संबंध नियमांच्या रूपात मांडले. लांबी आणि वजन न बदलता सूर एक सप्तक खाली न्यायचा, तर ताण एक चतुर्थांशावर आणावा लागतो. आयोमीने उतरवले तेवढे तीन अर्धस्वर उतरवायचे, तरी सुमारे २९ टक्के ताण गमवावा लागतो. असा ताण गमावलेल्या तारेला जोराने छेडले, की ती रुंद झोके घेते. झोका घेताना ती क्षणभर ताणली जाते आणि सूर वर चढतो. झोका ओसरला की तो पुन्हा खाली येतो. तार घट्ट असेल तर हा फरक कानाला कळतही नाही. सैल तारेत तो इतका मोठा असतो, की ट्यूनरचा काटा प्रत्येक आघातासरशी उजवीकडे उडी मारतो आणि मग सावकाश परततो. त्या तारेचा खरा सूर कोणता, काटा उडतो तो की स्थिरावतो तो, हा वाद म्हणूनच संपत नाही. जोरकस हाताचा वादक तार किंचित खाली लावून ठेवतो, म्हणजे आघाताचा सूर जागेवर पडतो.

आता प्रवरेच्या वरच्या अंगाला, संगमनेरला यावे. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथला. आडनाव घोलप, परंतु त्या नावाने त्याला कोणी ओळखत नाही. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशाने त्याने तमाशाचा फड सोडून कीर्तन धरले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाईंचे माहेरही याच जिल्ह्यातले, जामखेड तालुक्यातील चौंडीचे. आख्यायिका खरी असो वा नसो, शाहिराच्या पाठीशी उभे राहून सूर धरणारे वाद्य होते तुणतुणे.

तुणतुण्याला कोणी गंभीरपणे घेत नाही. ‘तेच ते तुणतुणे’ हा वाक्प्रचारच त्याच्या वाट्याला आला आहे. रचना पाहिली तर मात्र ते सूर टिकवण्याच्या प्रश्नाचे उघडे चित्र आहे. एक लाकडी नळकांडे, त्याचे तोंड मोकळे, बूड कातड्याने मढवलेले. बाजूला बांबूची काठी, तिच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार खुंटीपर्यंत जाते. म्हणजे तारेचे एक टोक लाकडाला आणि दुसरे कातड्याला. हवेत ओल आली की कातडे सैल पडते आणि सूर उतरतो. कोरडे ऊन लागले की कातडे आवळते आणि सूर चढतो. रात्रभर उघड्यावर चालणाऱ्या फडात संध्याकाळी लावलेला सूर पहाटे तोच राहणे शक्यच नव्हते. डफाचे कातडे शेकोटीवर शेकून घेत. तुणतुण्याचा इलाज खुंटीवरच्या हातात होता. शाहीर चढेल तसे ते चढवायचे. इथे सूर ‘टिकवणे’ म्हणजे तो पुन्हापुन्हा लावणे, इतकाच अर्थ होता.

खालच्या सुराला हा इलाज पुरत नाही. तो लावायला पूर्ण वाद्यच वेगळे बांधावे लागते, आणि ते काम महाराष्ट्रात मिरजेने केले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेतील शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब हे त्यांतले पहिले मोठे नाव. तलवारींचे दिवस सरत होते आणि पटवर्धन संस्थानात गाण्याला आश्रय होता. पंढरपूर-मंगळवेढा भागातील जाड सालीचा भोपळा आणि शिकलगारांचा सवयीचा हात यांतून मिरजेचा तंबोरा उभा राहिला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. त्यांच्यासारख्या सुराच्या बाबतीत कठोर गायकाच्या शेजारात राहून कारागिरांचे कानही तयार झाले असतील. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याच्या चार तारांत पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या आणि शेवटची खर्जाची. जोडीच्या तारा पोलादी असतात, खर्जाची पितळी आणि जाड. पितळ जड असते म्हणून, असे सहज सांगितले जाते. वास्तविक पितळ पोलादाहून किंचितच जड आहे. खरा लाभ दुहेरी आहे. तार जाड केल्याने वजन वाढते आणि सूर खाली येऊनही ताण शिल्लक राहतो. तसेच पितळ पोलादापेक्षा लवचीक असल्याने जाड तारसुद्धा काठीसारखी ताठ होत नाही. जाड पोलादी तार ताठ झाली की तिचे उपस्वर आपल्या जागेवरून वर सरकतात आणि आवाज बेसूर भासतो. याशिवाय मोठ्या तंबोऱ्यात घोडीपासून वरच्या अटीपर्यंत तारेची लांबी मीटरच्या आसपास असते. लांबी वाढवली, वजन वाढवले, आणि खर्जाची तार सैल पडण्यापासून वाचली.

उरलेली बारीक चूक दूर करायला घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी असतो. खुंटीने न जमणारा केसभर फरक तो सरकवून साधतात. खर्ज जुळला की नाही, याची परीक्षा तर फारच सुंदर आहे. जवारी नीट लागलेली असेल आणि खर्ज अचूक असेल, तर त्यातून कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. तो मूळ नादाच्या पाचपट कंपनांचा उपस्वर असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर लेख लिहून दाखवले, की या घोडीच्या रुंद, किंचित वक्र माथ्यामुळे सामान्य नियमाने दबायला हवेत ते उपस्वरही इथे उमटतात. खालचा सूर कानाला पकडणे कठीण, पण त्याचे वरचे उपस्वर पकडणे सोपे. गिटारवादक बाराव्या, सातव्या वा पाचव्या पडद्यावर बोट हलके टेकवून हार्मोनिक वाजवतो आणि तार जुळवतो, तेव्हा तोही हेच करत असतो.

आता तो अपघात. आयोमी सतरा वर्षांचा होता आणि बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातील त्याचा तो शेवटचा दिवस होता. यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे पडदे दाबण्याचाच हात गेला. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांना बसवल्या, बॅन्जोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या आणि पुढे तारा उतरवल्या, कारण सैल तार दाबायला कमी जोर लागतो. मिरजेत खालच्या सुरासाठी तार जाड झाली होती. इथे बोटांच्या वेदनेपायी ती बारीकही झाली आणि सैलही. त्यात त्याच्या गिब्सन एसजीची तार जेमतेम ६३ सेंटिमीटर लांब. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट जोडणी होती. तिच्यातील थरथर आणि वर चढून उतरणारा सूर हा दोषच पुढच्या पिढ्यांनी ‘वजन’ म्हणून स्वीकारला.

स्वीकारला, पण तसाच ठेवला नाही. आयोमीच्याही खाली जाऊ पाहणाऱ्यांना मिरजेच्याच वाटेने परतावे लागले. नेहमीच्या संचातील ०.०४६ इंच जाडीची तार तीन अर्धस्वर उतरवून पूर्वीइतकाच ताण ठेवायचा, तर ती सुमारे ०.०५५ इंचांची घ्यावी लागते. जाड तार नटच्या अरुंद खाचेत अडकते, खुंटी फिरवली तरी जागची हलत नाही आणि मग एकदम सुटते. म्हणून खाच कानस मारून रुंद करावी लागते. गिटारचे पडदे पक्के ठोकलेले असतात, सतारीसारखे दोऱ्याने बांधून सरकवता येत नाहीत. त्यामुळे घोडीवरचा तारेचा टेका मागे घेऊन बाराव्या पडद्याचा सूर जुळवावा लागतो. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणायची, वरून उतरवत थांबायचे नाही, हा नियम तर तंबोरा लावणाऱ्याला कोणी वेगळा सांगावा लागत नाही.

१९९० मध्ये आयबानेझ कंपनीने स्टीव्ह वायसाठी ‘युनिव्हर्स’ ही सात तारांची गिटार बाजारात आणली आणि सगळ्या तारा सैल करण्याऐवजी खालच्या सुरासाठी स्वतंत्र जाड तार मिळाली. इकडे मुंबईत रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले होते. त्या शहरातून पुढे ‘डेमॉनिक रेझरेक्शन’, ‘भयानक मौत’ यांसारखे बँड आले.

खालच्या सुरांसाठी आता २७ इंच, म्हणजे साडेअडुसष्ट सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तारेच्या बॅरिटोन गिटारही मिळतात. तंबोऱ्याच्या मीटरभर तारेपासून त्या अजून दूरच आहेत. तंबोऱ्याची तार नुसती छेडायची असते, गिटारच्या तारेवर मात्र बोटांना पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत पोहोचावे लागते.